आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा

"आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा,"
पडदा सांगतो.
प्रशासक तेयातेयानेंगच्या शवागारात आहे,
डावीकडून तिसऱ्या कप्प्यात,
आणि तिथून तिला बाहेर काढायला लागणारे पैसे
या पडद्याच्या पलीकडे.

एकसष्ट बायकांचं आमचं दफन मंडळ.
महिन्याला पन्नास मालोती;
मेल्यावर पेटी, एक बैल, तंबू,
गाणाऱ्यांना आणायला गाडी.
आधी वही होती. वहीला उंदीर लागले
तेव्हा म्मे मात्सेलिसोनं सगळं संगणकावर चढवलं,
नावं, हप्ते, कोणाची सासू कधी गेली,
आणि मंजुरीचं बटण स्वतःकडे ठेवलं,
कपाटाची किल्ली कमरेला खोचावी तसं.
"एकाच हाती असू दे," आम्हीच म्हणालो होतो,
"दहा हातांत पैसा गळतो."

सांकेतिक क्रमांक तिच्या फोनवर जातो.
फोन माझ्या पिशवीत. तो थरथरतो,
मी घाईनं बाहेर काढते:
'एक नवा संदेश. मजकूर लपवलेला.'
उघडायला तिचा अंगठा लागतो.

मापुलेंगनं माझ्याकडे पाहिलं.
मी मापुलेंगकडे.
नाही, आम्ही गेलो नाही तिथे.
पण मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं:
"प्रिय मात्सेलिसो, आपली अडचण आम्ही समजू शकतो."
पुन्हा लिहिलं. तिसऱ्या खेपेला एक खरा माणूस सापडला,
इल्कर नावाचा, कुठल्या देशात बसलेला कोण जाणे.
त्यानं मागितलं: मृत्यूचा दाखला, मंडळाचं नोंदणीपत्र,
सभेचा ठराव, सगळ्यांच्या सह्या.
"तुमच्यावर अविश्वास नाही," त्यानं लिहिलं,
"पण उद्या कुणीही येऊन म्हणेल, ती मेली."
मला संताप आला.
मग आठवलं, हेच तर ती म्हणायची
दाखल्याशिवाय आलेल्या पुतण्यांना,
चष्मा काढून टेबलावर ठेवत.

सभा शाळेत भरली. सगळ्या ब्लँकेटं गुंडाळून.
आमच्या पैशाला ज्यांचं नाव, त्या डोंगरांवर बर्फ.
सत्तेचाळीस सह्या, तेरा अंगठे,
गावप्रमुखाचा शिक्का, जरा तिरका.
"अंगठे चालतील?" मी विचारलं.
इल्करला वरच्यांना विचारायला दोन दिवस लागले.
चालतील, म्हणाला.

तोवर शनिवार आला होता.
पेटी न्ताते फाकिसोनं उधारीवर दिली.
बैलाऐवजी दोन मेंढ्या. तंबू नाही.
गाणाऱ्या चालत आल्या, धापा टाकत गायल्या.
जिनं सगळ्यांचं मोजून दिलं
तिचं मोजायचंच राहिलं.

मंगळवारी दार उघडलं.
'मोलिएही, आता आपण प्रशासक आहात.'
आत सगळं तिच्या हातचं. रकाने सरळ,
एक नाव इकडचं तिकडे नाही.
आणि कोपऱ्यात, पाठवलेल्या आमंत्रणांच्या यादीत
मी.
दुसरी प्रशासक म्हणून. चौदा एप्रिल.
स्वीकारलं नाही. मुदत संपली.

माझ्या ईमेलमध्ये शोधलं तर होतंच,
केसांच्या तेलाच्या नि झटपट कर्जाच्या जाहिरातींमध्ये दबलेलं.
एकदा नळावर म्हणाली होती,
"पत्र बघितलंस का गं?"
मला वाटलं, चर्चचं.

फाकिसोचे पैसे आधी मंजूर केले.
मग मापुलेंगला दुसरी प्रशासक केलं.
तिला ईमेल नव्हतं, ते काढलं.
पासवर्ड तिनं पिठाच्या डब्याच्या झाकणावर
आतल्या बाजूनं लिहिला.
मी काही बोलले नाही.

मात्सेलिसोच्या नावापुढे अजून हिरव्या अक्षरांत: सक्रिय.
ऑगस्टची वर्गणी थकीत.
शेजारी बटण, 'सदस्य काढून टाका'.
मी तिच्या नावावर पन्नास मालोती भरले.
पावती गेली.
पिशवीत काहीतरी थरथरलं.